पान वहीत, फळ रानात : केळापूर परिसरातल्या रानफळांचा इतिहास

समोर कॉलेजची मुलं दिसतायत, शेतकरी दिसतायत, आणि मागच्या रांगेत आसपासच्या पोडांवरून आलेल्या काही आयाबाया बसल्यात. त्यांचे विशेष आभार. आजचा विषय माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. मी कागदपत्रांतून जे वाचलं ते सांगणार आहे, आणि जिथे चुकेन तिथे त्यांनी मला टोकावं.

आपल्या तालुक्याच्या नावात केळं ऐकू येतं. पण आज केळ्यावर बोलायचं नाही, संत्र्यावरही नाही. बोलायचं आहे ते मोह, चार, टेंभुर, बेल, कवठ, बोर, बिबा, जांभूळ, उंबर यांच्यावर. बाजारात ज्यांना कुणी 'फ्रूट' म्हणत नाही, अशा फळांवर. एक खुलासा आधीच करतो. मोहाचं आपण खातो ते फूल, आणि चारोळी म्हणजे बी. पण स्वयंपाकघराला वनस्पतिशास्त्राची वर्गवारी लागत नसते, त्यामुळे आज मी दोन्ही फळांतच धरतोय.

हल्ली या फळांना बरे दिवस आलेत असं म्हणतात. मोठ्या शहरांत रानभाज्यांचे, रानफळांचे महोत्सव भरतात. हॉटेलांत मोहाचे पदार्थ मिळतात. 'विस्मृतीत गेलेली फळं पुन्हा शोधली' असं छापून येतं. असाच एक लेख मी एका कोलाम पोडावर वाचून दाखवत होतो. एक म्हातारी आजी ऐकत होती. ती म्हणाली, "सापडलं म्हनता बाप्पा, पन हरवलं होतं कोनाचं?"

आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. ही फळं झाडावरून हरवली नव्हती. खाणाऱ्यांच्या तोंडूनही सगळी हरवली नव्हती. मग ती हरवली कुठून? माझं म्हणणं असं की ती हिशेबाच्या वहीतून हरवली, आणि वहीतून गेली म्हणून हळूहळू शेतातून आणि ताटातूनही जायला लागली. हे कसं झालं ते क्रमाने बघू.

आधी आपला मुलूख. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा, असा तो प्रकार. आपला भाग तेव्हा वणी जिल्ह्यात धरला जाई. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे निजामाचा आदिलाबाद. गोंड आणि कोलाम नदीच्या दोन्ही काठांना. भाषा एक, देव एक, नातीगोती एक, पण सरकारं दोन. एका काठाला जो नियम, तो दुसऱ्या काठाला असेलच असं नाही.

इंग्रजांना वऱ्हाड कशासाठी हवं होतं हे इथे कुणाला सांगायला नको. कापसासाठी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. रेल्वे आली, जिनिंग आलं, कापसासाठी खास कमिशनर नेमला गेला. १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचं गॅझेटियर तयार केलं, १९०८ मध्ये ब्राउन आणि रसेल यांनी यवतमाळ जिल्ह्याचं. पेरा किती, सारा किती, कापूस किती, हे सरकार बारकाईने मोजत होतं. जे मोजलं जातं त्याच्यासाठी रस्ता होतो, बाजार होतो, कर्ज मिळतं. हे तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे.

आता जंगल. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. म्हणून १८८६ मध्ये वऱ्हाडसाठी वेगळा जंगल कायदा केला. त्यात सरकारी जंगलाचे तीन वर्ग पाडले. 'अ' वर्ग इमारती लाकूड आणि सरपणासाठी, 'ब' वर्ग गवताच्या रमण्यांसाठी आणि बाभुळबनांसाठी, 'क' वर्ग चराईसाठी. बघा, लाकडाला वर्ग आहे, गवताला आहे, गुरांना आहे. माणूस जंगलात येऊन काही खातो, याला वर्ग नाही. हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. वर्ग पाडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे होतं तेच त्यांनी लिहिलं. फर्निचर होतं, रेल्वेचे स्लीपर होते, घोडे होते. टेंभुर नव्हता.

बरं, इंग्रजांना या झाडांची माहिती नव्हती का? भरपूर होती. जॉर्ज वॉट यांचा हिंदुस्थानातल्या उपयोगी उत्पादनांचा मोठा कोश १८८९ पासून निघू लागला. त्यात मोहावर पानंच्या पानं आहेत. मोहाचं फूल गरिबांचं अन्न आहे हे प्रशासनाला चांगलं ठाऊक होतं. पण त्याच फुलाची दारू निघते, आणि दारूवर अबकारी कर मिळतो. तेव्हा सरकारच्या नजरेत फुलाची ओळख बदलली. १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात मोहाबद्दल स्वतंत्र कायदाच झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं बाळगण्यावर, विकण्यावर निर्बंध आले. 'हे लोकांचं खाणं आहे' असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो कायदा आपल्या भागाचा नव्हता, पण विचाराची दिशा कळते. एका घरात जी भाकर, ती दुसऱ्या कचेरीत गुन्ह्याचा कच्चा माल.

याचा कळस १९२७ च्या भारतीय वन कायद्यात दिसतो. हा कायदा अजून चालू आहे. त्यात 'वनोपज' म्हणजे काय याची व्याख्या आहे आणि ती दोन भागांत आहे. दुसऱ्या भागात जंगलात सापडणाऱ्या किंवा जंगलातून आणलेल्या वस्तू येतात. पानं, फुलं, फळं, गवत वगैरे. ते समजण्यासारखं आहे. पहिल्या भागात मात्र अशा वस्तू आहेत की त्या जंगलात सापडोत अथवा न सापडोत, वनोपजच मानल्या जातील. त्यात इमारती लाकूड, कोळसा, कात, लाख, हिरडा यांच्या रांगेत दोन नावं आहेत : मोहफूल आणि मोहाचं बी.

याचा अर्थ लक्षात घ्या. तुमच्या शेताच्या धुऱ्यावर, आजोबांच्या वेळचं मोहाचं झाड आहे. सातबारा तुमचा, झाड तुमच्या जमिनीत. पण पहाटे त्याखाली जी फुलं पडली ती कायद्याच्या भाषेत वनोपज. आंबा धुऱ्यावर पडला तर तो आंबा, आणि मोह पडला तर वनोपज. मग शेतकरी धुऱ्यावर कशाला ठेवेल मोह? दारूबंदीच्या कायद्यांनी यात भर घातली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा १९३८ मध्ये आला, मुंबई राज्याचा १९४९ मध्ये. दारूने घरं उद्ध्वस्त होतात हे खरंच आहे. बायकांनी दारूबंदीसाठी केलेल्या लढ्यांबद्दल मला आदर आहे. पण या सगळ्यात मोह म्हणजे दारू हे समीकरण इतकं पक्कं झालं की मोहाची पुरी खाणाऱ्यालाही चोरट्यासारखं वाटायला लागलं.

आता टेंभुर घ्या. तेंदू, टेंभुर्णी, जे नाव तुमच्याकडे असेल ते. गंमत बघा, या झाडाचं नाव सरकारदरबारी सगळ्यात जास्त घेतलं जातं. पण ते फळासाठी नाही, पानासाठी. बिडीसाठी. १९६९ मध्ये महाराष्ट्राने वनोपज व्यापाराच्या नियमनाचा कायदा केला आणि तेंदूपानाचा व्यापार सरकारी चौकटीत आला. सत्तर पानांचं एक पुडकं, हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे सत्तर हजार पानं, मोजून. लिलाव होतात, मजुरी ठरते, बोनस मिळतो. एप्रिल-मे मध्ये इथल्या कितीतरी घरांत येणारा रोख पैसा हाच. त्याची थट्टा करायची नाही, शाळेच्या फिया त्यातून भरल्या जातात.

पण त्याची एक बाजू आहे. पान कोवळं, रुंद, मऊ हवं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये टेंभुराची झुडपं बुडातून छाटावी लागतात. मग नवे फुटवे येतात, त्यांची पानं बिडीला उत्तम. आता दरवर्षी ज्या झुडपाची मान कापली जाते, ते फळाला येणार कधी? फळ मोठ्या झाडाला धरतं, आणि ते पिकतं तेही एप्रिल-मे मध्येच, म्हणजे ऐन पानाच्या हंगामात. सगळं घर पानाला जुंपलेलं. एकाच झाडाचं पान वहीत गेलं आणि फळ रानात राहिलं. व्याख्यानाचं नाव मी यावरूनच घेतलंय.

चारोळीची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि जास्त दुखरी. चारचं झाड, काळसर खडबडीत सालीचं. एप्रिल-मे मध्ये त्याची फळं जांभळी-काळी होतात, आंबटगोड, मुलांच्या हातात पसाभर असतात. आतली बी फोडली की चारोळी. तिच्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. श्रीखंड, बासुंदी, गुळपोळी, कुठलंही सणाचं गोड चारोळीशिवाय पुरं होत नाही. सदाशिव पेठेतल्या बासुंदीवर तरंगणारी चारोळी मध्य भारतातल्या अशाच एखाद्या रानातून आलेली असते, पण डबीवर रानाचं नाव नसतं. बस्तरकडे मिठाच्या बदल्यात चारोळी असा व्यवहार वर्षानुवर्षं चालत होता. इथे फळ वहीत आलं, पण व्यापाऱ्याच्या. भाव चढला तशी घाई वाढली. आपण थांबलो तर दुसरा नेईल, म्हणून फळ कच्चंच ओरबाडायचं, फांद्याच तोडायच्या. कच्च्या फळातून बी हलकी निघते, आणि पुढच्या पिढीचं झाडही उगवत नाही.

ही घाई थांबवणारी व्यवस्था आपल्याकडे होती. गडचिरोली आणि बस्तरच्या माडिया-गोंडांत 'पंडुम' म्हणतात. म्हणजे नव्या फळा-फुलाचा सण. मोहाचा वेगळा, आंब्याचा वेगळा. तो झाल्याशिवाय, देवाला दाखवल्याशिवाय, नवं फळ तोंडात घालायचं नाही. इथल्या गोंड-कोलामांतही नवं खाण्याआधीच्या अशा रीती आहेत, त्या तुम्हीच मला सांगितल्यात. शिकलेली माणसं याला अंधश्रद्धा म्हणत. आता व्यवस्थापनशास्त्राच्या भाषेत हेच सांगतात : काढणीची तारीख गावाने मिळून ठरवा, फळ पिकू द्या, कुणी आधी तोडू नका. पंडुम म्हणजे तेच. वही नव्हती, तारीख मात्र होती.

इथे जरा लांब जाऊ. ज्यांनी आपल्या जंगलाचे वर्ग पाडले, त्यांच्या देशात काय झालं? इंग्लंडातही अशी जुनी फळं आहेत. मेडलर नावाचं एक फळ आहे. ते झाडावरून काढल्यावर खाता येत नाही, इतकं तुरट. आठवडे-दोन आठवडे ठेवून ते मऊ, तपकिरी, जवळपास सडल्यासारखं होऊ द्यायचं, मग त्याला गोडी येते. आपल्या टेंभुराची आठवण येते ना? कच्चा टेंभुर खाल्ला तर जीभ टाळ्याला चिकटते, पूर्ण पिकला की चिकूसारखा. शिवाय डॅमसन नावाची आंबट रानटी अळूबुखार, क्विन्स, कुंपणांवरची ब्लॅकबेरी, जंगली गुलाबाची फळं. तिथेही साम्राज्यातून स्वस्त संत्री-केळी आली आणि ही फळं मागे पडली. मग दुसऱ्या महायुद्धात संत्री येईनाशी झाली. तेव्हा १९४१ पासून सरकारनेच शाळेतल्या मुलांना, गावच्या बायकांना कुंपणावरची गुलाबफळं गोळा करायला लावली. त्याचं सरबत करून लहान मुलांना क जीवनसत्त्व म्हणून दिलं. आता तिथे केंट परगण्यात ब्रॉगडेलला राष्ट्रीय फळसंग्रह आहे, एकट्या सफरचंदाच्याच दोन हजारांहून जास्त जाती तिथे सांभाळल्यात. आणि तिथले आचारी ऋतूप्रमाणे जुनी फळं पुन्हा वापरायला लागलेत.

पण मला सांगायची आहे ती दुसरीच गोष्ट. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ चा चोरीविषयक कायदा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की रानात आपोआप वाढलेल्या झाडाची फळं, फुलं, पाला किंवा अळंबी कुणी तोडली, अगदी दुसऱ्याच्या जमिनीवर असली तरी, ती चोरी नाही. विकण्यासाठी तोडली तर मात्र चोरी. म्हणजे तिथल्या कायद्याने खाणाऱ्याचा हात सोडला आणि व्यापाऱ्याचा धरला. आपल्याकडे त्याच राज्यकर्त्यांनी दिलेल्या कायद्याने दोघांनाही एकाच मापाने मोजलं. तिथे रानफळ पुन्हा शोधणं हा छंद आहे. टोपली घेतली आणि निघालं. इथे आधी हा प्रश्न येतो की टोपली घेऊन जायची परवानगी कुणाची.

याबद्दल आपल्या जिल्ह्यात लढा झालेला आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. मिठाचा समुद्र आपल्यापाशी नव्हता, म्हणून गवत. तो सत्याग्रह आपल्या अभिमानाचा विषय आहे. पण त्यातही प्रश्न चराईचा, गवताचा, लाकडाचा होता. शेतकऱ्याचा होता. पहाटे मोहाखाली वाकलेल्या बाईचा प्रश्न त्या फलकावर आलेला दिसत नाही.

तो आला फार उशिरा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली. केळापूर तालुक्यातली बरीच गावं या क्षेत्रात आहेत. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याने पिढ्यान्‌पिढ्या गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. ही मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नका. पण त्या कायद्यातली गौण वनोपजाची यादी वाचा. बांबू, झुडपं, खुंट, वेत, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदूपान, औषधी वनस्पती, कंद, मुळं, आणि 'यांसारखं इतर'. यादीत पान आहे. फळ हा शब्द नाही, फूलही नाही. 'इतर' मध्ये ते येतं, कायद्याने काही अडत नाही. पण १८८६ पासून २००६ पर्यंत, एकशे वीस वर्षांनीसुद्धा, फळ 'इतर' मध्येच आहे. आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. हरवलं ते लिहिणाऱ्यांचं.

उरलेलं अर्धं उत्तर आपल्या स्वतःच्या शेतात आहे, आणि ते सोपं नाही. कापूस वाढत गेला. २००२ नंतर बीटी आलं, मग सोयाबीन. ट्रॅक्टर फिरवायला धुरे मोकळे हवेत, सावलीने पीक दबतं, म्हणून धुऱ्यावरचे मोह, चार, बोरी, कवठ गेले. एखाद्या घराकडे नगदी पीक आणि रेशनचं धान्य एवढंच उरलं तर पाऊस चुकल्या वर्षी मध्ये काही आडवं येत नाही. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला माहीत आहे, आणि या सभागृहात अशी घरं असतील. मी असं मुळीच म्हणणार नाही की मोहाने हे थांबलं असतं. कर्जाचं उत्तर कर्जाच्या जागीच शोधावं लागेल. एवढंच म्हणतो की जुन्या घरात वर्षाच्या प्रत्येक महिन्याला खाण्याचं काहीतरी असं होतं ज्याला बियाणं, खत, सावकार काही लागत नसे. ते आपण धुऱ्यावरून काढून टाकलं, आणि त्याची किंमत कुठल्याच खातेवहीत लिहिली गेली नाही.

तेव्हा आता आपण ती वही लिहू. वर्ष कार्तिकापासून धरा.

दिवाळीच्या आसपास सीताफळ संपत येतं. सीताफळ मुळात अमेरिकेतलं, पोर्तुगीजांबरोबर आलेलं. चिंच आफ्रिकेची. म्हणजे परंपरा म्हटली की सगळं इथलंच असतं असं नाही. जे इथल्या मातीत आणि चुलीत रुळलं ते इथलं. मग थंडीत आवळा आणि बोरं. बोरं वाळवून, कुटून केलेलं बोरकूट शाळेबाहेर कागदाच्या पुडीत मिळायचं. येरोण्या त्याच सुमाराला. बिबा थंडीत धरतो. त्याच्या बीच्या वर जो केशरी मांसल भाग असतो तो वाळवून किंवा भाजून खातात, आणि आतली गोडंबी लाडवात जाते. पण नवख्याने बिब्याला हात लावू नये, त्याचं तेल कातडीवर उततं. ते काम जाणत्याचंच.

माघ-फाल्गुनात कवठ. महाशिवरात्रीला गूळ घालून कवठाची चटणी. चिंच त्याच दिवसांत फोडली जाते. चैत्रात मोह. पहाटे फुलं गळतात, उन्हं वर यायच्या आत वेचायची. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त साखर असते, त्यामुळे ती वर्षभर टिकतात. करायचं काय? फुलातले केसर काढा, फुलं धुवा, भिजवून वाटा, त्यात ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ मळा आणि पुऱ्या तळा. साखर घालावी लागत नाही. किंवा कढईत भाजा, भाजलेले तीळ घाला, उखळात कुटा आणि लाडू वळा. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात उटनूरच्या आदिवासी बायकांच्या संस्थेने मोहाच्या लाडवांचा मोठा कारभार उभा केलाय. नदी ओलांडली की पोहोचलो, बघून यायला हरकत नाही.

वैशाखात चार आणि टेंभुर, बेलाचं सरबत, खिरणी असेल तिथे खिरणी. ज्येष्ठात जांभूळ, शिंदोळ्या, आणि मोहाची टोळ. कोवळ्या टोळीच्या सालीची भाजी होते, बियांचं तेल निघतं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. आणि पावसाळ्यात, धान्याच्या कणग्या रिकाम्या झाल्या की वाळवून ठेवलेला मोह. तो दुष्काळाचा खाऊ नव्हता. दर आषाढाचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मात्र तो पोट भरायच्या कामी आला, आणि त्यानंतर 'दुष्काळी अन्न' हा शिक्का त्याला बसला. मुलीच्या सासरचे येणार म्हटल्यावर मोह ताटात वाढायची लाज वाटायला लागली, ती तिथून.

आता अडचणी. मी गोड गोड बोलून जाणार नाही. आपल्या तालुक्यात टिपेश्वर अभयारण्य आहे, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं. त्याच्या आत गोळा करण्यावर बंदी आहे आणि ती असायला हवी. टेंभुर, मोह, बोर हे अस्वलाचंही अन्न आहे. आसपासच्या रानात वाघ फिरतात. २०१८ मध्ये पांढरकवडा वनविभागातल्या टी-१ वाघिणीचं काय झालं आणि त्याआधी किती माणसं गेली, हे तुम्ही जवळून पाहिलंय. पहाटे अंधारात एकटी बाई मोहाखाली वाकलेली असते, ही गोष्ट शहरातल्या महोत्सवातल्या ताटात दिसत नाही. मोह वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला जाळतात, त्याने वणवे लागतात आणि कोवळी रोपं मरतात. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तर फुलं स्वच्छही राहतात आणि आगही लागत नाही. आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे झाड रानात नको, धुऱ्यावर हवं. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरच्या फलोत्पादन केंद्रात चारोळी, मोह, खिरणी, जांभूळ यांची निवडक झाडं हेरून त्यांच्या कलमांवर काम झालंय. म्हणजे ही झाडं बागेत येऊ शकतात. ती फक्त रानाचीच, हा समज जुना झाला.

दुसरी भीती मला वहीचीच वाटते. आत्ताच म्हणालो की जे वहीत येतं त्याला रस्ता मिळतो. पण चारोळी व्यापाऱ्याच्या वहीत आली आणि झाडं ओरबाडली गेली. उद्या मोहाची पुरी पंचतारांकित झाली तर आषाढात ज्या घरात मोह लागतो त्याच घरातून तो आधी विकला जाईल. म्हणून वही कुणाची हे महत्त्वाचं. व्यापाऱ्याची नको, नुसती वनखात्याचीही नको. ग्रामसभेची हवी. पेसाने आणि वनहक्काने तो अधिकार दिलाय. तेंदूपानाच्या लिलावाला ग्रामसभा बसते तशी वर्षातून एकदा फळांसाठी बसू द्या. कुठलं झाड कुठे, तोडायचं कधी, घराला किती ठेवायचं, विकायचं किती, पाखरांना आणि अस्वलांना किती सोडायचं, एवढंच लिहा. जुन्या काळी ते पंडुमच्या दिवशी ठरायचं.

आणि इथल्या शाळा-कॉलेजच्या मुलांना एक काम. कोलामी भाषा लिहून घ्यायला एमेनो नावाचा अमेरिकेतला भाषाभ्यासक वर्ध्याकडे आला होता. १९५५ मध्ये त्याचं कोलामीवरचं पुस्तक निघालं. इतक्या लांबून माणूस येतो, आणि आपण आपल्याच पोडावर जात नाही. या उन्हाळ्यात प्रत्येकाने एका आजीकडे बसा. महिना, फळ, त्याचं कोलामी, गोंडी आणि वऱ्हाडी नाव, कसं खायचं, कधी खायचं नाही, एवढे रकाने. आजी सांगेल तसंच लिहा, सुधारू नका. आणि लिहून झालं की एक प्रत तिच्या घरी ठेवा. वही तिची आहे.

आजीने विचारलं होतं, हरवलं होतं कोनाचं. मला वाटतं ते माझ्यासारख्यांचं हरवलं होतं. फळं खाऊन वाढलेल्या, मग चार पुस्तकं शिकून त्यांची लाज वाटू लागलेल्या माणसांचं. तिच्याकडे ते होतंच. तिच्याकडून नीट मागून घ्यायला हवं, आणि तिचं तिच्याकडे राहील एवढीही काळजी घ्यायला हवी.

बाहेर चहाबरोबर मोहाच्या पुऱ्या ठेवल्यात, बचत गटाच्या ताईंनी केल्यात. आधी मागच्या रांगेतल्यांना घेऊ द्या. चुकलं असेल तर तिथेच सांगा.